जुन्या पद्मिनीचे दिवे मंद झालेत? वायरिंग उपटण्याआधी अर्थिंग बघा

तुमचा प्रश्न असा: बडोद्यातली वडिलांची प्रीमियर पद्मिनी, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी डिकीत शिरलं, आणि आता ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंदावतो, बंद असलेला मीटरचा दिवा मिणमिणतो, डावा हेडलाइट पिवळट जळतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो, सगळं वायरिंग बदला.

कृपा करून अजून हो म्हणू नका. मीही बडोद्याचाच, जुन्या गाड्यांच्या दिव्यांचं काम करतो. ही लक्षणं बहुतेक अर्थची, म्हणजे दिव्याचा करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीची आहेत.

मागच्या ब्रेकच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट (जळणाऱ्या तारा) असतात, ब्रेकचं २१ वॅटचं आणि टेलचं ५ वॅटचं. दोघांचा परतीचा रस्ता एकच: बल्बची पितळी टोपी, होल्डर, मग गाडीचा पत्रा. होल्डर आणि पत्र्यामध्ये गंज बसला की ब्रेकचा करंट टेलच्या फिलामेंटमधून उलटा निघतो आणि पार्किंगच्या वायरीने पुढे जाऊन दुसऱ्या दिव्यांतून अर्थ गाठतो. त्यातलाच एक तुमचा मीटरचा दिवा. इंडिकेटरही त्याच खराब अर्थवर असेल, तर त्याच्या वाट्याला व्होल्टेज कमी येतं.

खात्री करायला एक लांब वायर पुरे. पद्मिनीत बॉडीला बॅटरीची निगेटिव्ह बाजू असते, तरी जुन्या गाडीत कोणी काय केलंय सांगता येत नाही, म्हणून आधी डोळ्यांनी पाहा. मग वायरीचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं डाव्या टेललॅम्पच्या होल्डरच्या धातूला लावा आणि कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. इंडिकेटर नीट लुकलुकला, मीटरचा दिवा विझला, तर दोष सापडला.

आता बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा. होल्डर सोडवून तो जिथे पत्र्याला टेकतो ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा. रंगावर स्क्रू आवळून उपयोग नाही, नुकतीच रंगवलेली गाडी याच कारणाने फसवते. जोडून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावा, आपल्याकडचा पावसाळा तिथे पुन्हा गंज चढवतोच. मी तर होल्डरपासून बॉडीपर्यंत थिंबल (टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) लावलेली वेगळी अर्थची वायर टाकतोच, दिसत नाही आणि निश्चिंती राहते.

हेडलाइटचं बघू. दोन्ही मंद असते तर स्विचवर किंवा चार्जिंगवर संशय घेतला असता. एकच पिवळा आहे, म्हणजे बिघाड त्या दिव्यापाशीच असणार. बल्ब अदलाबदल करून पाहा. पिवळेपणा डावीकडेच राहिला तर मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, दिवा लावा, आणि एक टोक बल्बच्या अर्थच्या पिनेला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तरी अर्थ साफ करायला हवी. हॅलोजन बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो, त्यामुळे हे अर्धे-पाऊण व्होल्ट रात्री हायवेवर फार महाग पडतात. अर्थ ठीक निघाली तर तसंच बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून बल्बच्या करंट येणाऱ्या पिनेपर्यंत मोजा. तिथे फरक आला तर कनेक्टर उघडून हिरवा थर शोधा.

उजेड वाढवायला कोणी १०० वॅटचे बल्ब सुचवील. नका घालू. ५५ वॅटचे दोन बल्ब साधारण नऊ अँपिअर घेतात, १०० चे दोन सोळा-सतरा, आणि एवढा भार जुन्या स्विचला वितळवतो. त्यापेक्षा फ्यूजसकट रिले (छोट्या करंटने चालू होणारा वेगळा स्विच) बसवा, म्हणजे बल्बचा करंट स्विचमधून जाणारच नाही. आणि फ्यूज उडतोय म्हणून त्या जागी तार तर कधीच गुंडाळू नका, गाड्या अशाने पेटतात.

पुराचं पाणी बसलेल्या डिकीतल्या वायरी मात्र वाकवून बघा. कव्हर तडकत असेल, किंवा सोललेल्या टोकाला तांबं हिरवं-काळं असेल, तर लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे कापा आणि तेवढाच तुकडा नवा जोडा, मूळ वायरीच्याच रंगाचा आणि जाडीचा. कव्हर आतपर्यंत तडकलेलं किंवा जळालेलं असेल तर मागच्या भागाचं वायरिंग बदलायला माझी हरकत नाही. डॅशबोर्डमागचं कोरडं, शाबूत असेल तर त्याला हात लावू देऊ नका. पद्मिनीचं मूळ वायरिंग एकदा भंगारात गेलं की तसं परत मिळणं कठीण.

मोजलेले आकडे इथेच लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.