मुलांना सांगावा असा हसरा सैनिक : कॅप्टन टॉम मूर

युद्ध पाहिलेला, पण आयुष्यभर हसतखेळत जगलेला आणि घरात रमलेला सैनिक मुलांना सांगायचा तर कोण, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर ठरलेलं आहे: कॅप्टन टॉम मूर. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या कीथली गावचे. जन्म ३० एप्रिल १९२०, निधन २ फेब्रुवारी २०२१.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये कोटावर पदकं लावून, वॉकर ढकलत घरापुढच्या अंगणात फेऱ्या मारणारे एक आजोबा टीव्हीवर दिसायचे, तेच हे. बहुतेकांना त्यांची तेवढीच ओळख आहे. मला त्याआधीची नव्व्याण्णव वर्षं जास्त प्रिय आहेत.

या माणसाला मोटारसायकलचं भारी वेड. पहिली गाडी हातात आली तेव्हा वय होतं बारा. पुढे शर्यतीत उतरले, २३ नंबर लावून धावायचे आणि करंडक घरी आणायचे. स्थापत्य अभियंता व्हायचं म्हणून उमेदवारी चालू होती, तोवर दुसरं महायुद्ध आलं. १९४० मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन रेजिमेंटमध्ये भरती झाले, १९४१ मध्ये अधिकारी. मग बदली थेट भारतात. आधी मुंबई, नंतर कोलकाता. हा प्रवास रस्त्याने झाला आणि तोही ऐन पावसाळ्यात. पुरामुळे तीन आठवडे लागले. ज्यांनी आपल्याकडचा जुलै महिना पाहिलाय त्यांना त्या रस्त्यांची कल्पना येईल. गंमत म्हणजे सैन्याने त्यांच्यावर काम सोपवलं ते मोटारसायकलस्वारांना शिकवून तयार करण्याचं. वेड कामी आलं!

पुढे ब्रह्मदेशात आराकानच्या आघाडीवर गेले, तिथे डेंग्यूने गाठलं, त्यातून उठले. ते ज्या सेनेत लढले ती ब्रिटिशांची चौदावी सेना. युरोपातल्या लढाईपुढे तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही, म्हणून तिला ‘विसरलेली सेना’ म्हणायचे. तिच्यातले बरेचसे जवान भारतीय होते. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला जपान्यांना अडवून धरणाऱ्यांत आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियनही होती. मुलांना हे आवर्जून सांगा. परक्या देशातल्या आजोबांच्या गोष्टीत आपल्या मावळातली, कोकणातली पोरंही आहेत, हे कळलं की ती कान टवकारतात.

लढाई संपली, पण टॉमनी पलटणीतल्या मित्रांना सोडलं नाही. जुन्या सोबत्यांचा वार्षिक मेळावा ते भरवत राहिले, एक-दोन नाही, तब्बल चौसष्ट वर्षं. दरवर्षी पत्रं लिहायची, जागा ठरवायची, कोण आजारी आहे, कोण गेलं, याची खबर ठेवायची. त्या कामाला ना पदक ना पेन्शन. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातली खरी मोठी गोष्ट हीच.

लग्नाची कथाही छान आहे. पहिलं लग्न टिकलं नाही. नंतर ते छपराच्या सामानाची विक्री बघत होते. कंपनीच्या दक्षिणेकडच्या ग्रेव्हसेंडच्या कार्यालयात पामेला नावाची व्यवस्थापक होती, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. साहेबांच्या ग्रेव्हसेंडच्या फेऱ्या एकाएकी वाढल्या! १९६८ मध्ये लग्न झालं. लुसी आणि हॅना अशा दोन मुली झाल्या, म्हणजे पन्नाशीच्या आसपास गृहस्थ बाप झाले आणि पोरींमध्ये पोर होऊन रमले. १९८३ मध्ये बीबीसीच्या एका विनोदी खेळाच्या कार्यक्रमात स्पर्धक म्हणूनही झळकले. तेव्हा त्यांना कोणी ओळखत नव्हतं, हौस म्हणून गेले होते.

मग पामेलाला स्मृतिभ्रंश जडला. जमेल तोवर त्यांनी घरीच तिचं सगळं केलं. शेवटी तिला शुश्रूषागृहात ठेवावं लागलं, तेव्हा रोज जाऊन तिच्यापाशी बसायचे. तिथल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना भेटायला कोणीच येत नाही, हे त्यांच्या मनाला लागलं आणि एकटेपणाविषयी ते पुढे सतत बोलत राहिले. २००६ मध्ये पामेला गेली. ते हॅनाच्या घरी राहायला आले, नातवंडांत रमले, आणि नव्वदीच्या सुमारास नेपाळ गाठून छोट्या विमानातून एव्हरेस्ट पाहून आले.

फेऱ्यांचं थोडक्यात सांगतो, ते सगळीकडे मिळेल. २०१८ मध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, सरकारी आरोग्यसेवेतल्या लोकांनी बरं केलं. त्याची उतराई म्हणून शंभरीच्या आत अंगणात पंचवीस मीटरच्या शंभर फेऱ्या मारून हजार पौंड जमवायचं ठरलं. जमले सव्वातीन कोटी पौंडांच्या वर. पंधरा लाखांहून जास्त लोकांनी पैसे दिले. पुढे राणीच्या हस्ते सर ही पदवी मिळणार असं कळलं, तेव्हा ते म्हणाले की राणीने तलवार फार जोरात टेकवू नये, तोवर मी अगदीच अशक्त म्हातारा झालेलो असेन! १७ जुलै २०२० ला विंडसरच्या किल्ल्यात तो सोहळा झाला. राणीच्या हातात तिच्या वडिलांची तलवार होती. त्याची चित्रफीत मुलांना जरूर दाखवा. शंभर वर्षांचा माणूस किती ताठ उभा राहतो ते बघा.

एक गोष्ट लपवणार नाही. त्यांच्या नावाने कुटुंबीयांनी काढलेल्या धर्मादाय संस्थेच्या कारभारावर तिथल्या धर्मादाय आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कडक ठपका ठेवला. मुलं मोठी असतील तर तेही सांगा. पण आरोग्यसेवेसाठी जमलेल्या त्या रकमेचा या चौकशीशी संबंध नव्हता, हेही त्याच दमात सांगा. लोकांनी विश्वासाने दिलेले पैसे होते ते.

मुलं लहान असतील तर फेऱ्यांपासून सुरुवात करू नका. बारा वर्षांच्या पोराच्या मोटारसायकलपासून करा, मग मुंबई-कोलकात्याचा पाऊस, मग ग्रेव्हसेंड. अंगणापर्यंत पोचाल तेव्हा टॉम आजोबा त्यांच्या ओळखीचे झालेले असतील.