भिंतीवर चित्र उतरवताना : छोट्या प्रोजेक्टरचे प्रश्न

प्रश्न : छोट्या प्रोजेक्टरने भिंतीवर रेखाटन उतरवते. चित्राचा वरचा भाग रुंद येतो, आणि अर्धं काम झाल्यावर उरलेल्या रेषा काढलेल्या रेषांशी जुळत नाहीत. असं का?

उत्तर : प्रोजेक्टर खाली ठेवून वर तिरपा केला की वरची बाजू फाकते. कीस्टोनने (तिरपं चित्र चौकोनी करणारी प्रोजेक्टरमधली सोय) आकार सुधारतो, पण पिक्सेल कापले जातात आणि कडा धूसर राहतात. त्यापेक्षा ट्रायपॉड घ्या, प्रोजेक्टर सपाट, भिंतीला काटकोनात धरा आणि उंची बदलून चित्र जागेवर आणा. मग चौकट पाडून टेपने मोजा. नुसते कर्ण मोजून भागत नाही, कारण वर-खाली असमान चौकटीचेही कर्ण सारखे भरू शकतात. वरची आणि खालची रुंदीही सारखी हवी.

रेषा सरकण्यामागे बहुतेकदा ऑटो कीस्टोन आणि ऑटोफोकस असतात. हात किंवा अंग प्रकाशात आलं की यंत्र पुन्हा जुळवाजुळव करू लागतं. दोन्ही बंद करा. सुरुवातीला यंत्र तापताना फोकसही थोडा हलतो, म्हणून वीसेक मिनिटं चालू ठेवून मगच फोकस लावा. सर्वांत महत्त्वाचं : पहिली रेषा ओढण्याआधी चित्राच्या चारही कोपऱ्यांत फुल्या ठेवा आणि त्या भिंतीवर पेन्सिलने उतरवा. ट्रायपॉडला धक्का लागला तरी फुल्यांवर फुल्या बसवून काम पुढे नेता येतं. हे करायचा कंटाळा कृपया करू नका.

प्रश्न : २०० लुमेनचा प्रोजेक्टर २ मीटर रुंद चित्राला पुरेल?

उत्तर : लुमेन म्हणजे प्रोजेक्टर किती प्रकाश टाकतो त्याचं माप. अंधारात पुरेल, तेही आकडा एएनएसआय लुमेनचा (ठरलेल्या मानक पद्धतीने मोजलेला) असेल तर, नुसत्या ‘लुमेन’वर विसंबू नका. १६:९ (रुंदी : उंची) च्या चित्राचं क्षेत्रफळ सुमारे सव्वादोन चौरस मीटर, म्हणजे भिंतीवर जेमतेम ९० लक्स (दर चौरस मीटरला इतके लुमेन). दिवे लावलेल्या खोलीत याहून जास्त उजेड सहज असतो. रुंदी दुप्पट केली तर उजेड चौथाई उरतो.

रेखाटनाचे रंग उलटे करून पाहा : काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा. पेन्सिलची खूण उजळ रेषेवर ठळक दिसते, आणि काय राहिलंय तेही लगेच कळतं. काळ्या रेषेवर काढलेली पेन्सिल दिसतच नाही.

प्रश्न : चेहऱ्यातले बारकावे का हरवतात?

उत्तर : ८५४ × ४८० पिक्सेलचा प्रोजेक्टर २ मीटर पसरला की एक पिक्सेल २.३ मिलिमीटरचा होतो. चेहऱ्याचा भाग कापून वेगळा घ्या आणि प्रोजेक्टर जवळ आणून, आधीच्या रेषांवर जुळवून पाडा.