सदाशिव पेठेत भाड्याने घर घेतोय, मुलगी पाचवीत जाईल. जवळपास शाळा, वाचनालय, बाग, दवाखाना कसं आहे?

शाळांची चिंताच नको. लक्ष्मी रस्त्यावरची मुलींची हुजूरपागा १८८४ची, टिळक रस्त्यावर न्यू इंग्लिश स्कूल, आणि ज्ञानप्रबोधिनी तर पेठेतच. तिथे पाचवीचा प्रवेश परीक्षेवर होतो, त्यामुळे चौकशी आजच करा.

वाचनालयासाठी मी आग्रहाने पुणे नगर वाचन मंदिर सांगेन. लोकहितवादींच्या पुढाकाराने १८४८मध्ये सुरू झालेलं हे ग्रंथालय अजून चालू आहे. मुलीला घेऊन जा, कपाटांसमोर उभी करा, पुस्तक तिचं तिला निवडू द्या. या वयात लागलेली वाचनाची गोडी सुटत नाही. तुम्हाला स्वतःला इतिहासाची आवड असेल, तर भारत इतिहास संशोधक मंडळही पेठेतच आहे.

बाग म्हणजे सारसबाग. संध्याकाळी, विशेषतः रविवारी, फार गर्दी, सकाळी जा. मोठं सरकारी रुग्णालय म्हणजे ससून, पण ते स्टेशनजवळ. रोजच्या दुखण्याला गल्लोगल्ली डॉक्टर आहेत. मंडई आणि स्वारगेटला मेट्रो आहे. गाडी असेल तर मात्र पार्किंगची सोय पाहिल्याशिवाय घरमालकाला होकार देऊ नका.