अमेरिकेत जाऊन अणुऊर्जेची कंपनी काढायची आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकल झालंय, हीट एक्स्चेंजर (उष्णता एकीकडून दुसरीकडे नेणारी यंत्रं) डिझाइनचा दोन वर्षांचा अनुभव आहे, डोक्यात छोट्या अणुभट्टीची कल्पना आहे आणि होल्टेक या अणुक्षेत्रातल्या अमेरिकन कंपनीचे संस्थापक क्रिस सिंग यांच्यासारखं अमेरिकेत एमएस करून कंपनी काढायची आहे. मी याच क्षेत्रात इथे अमेरिकेत बारा वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सिंग यांचंच घेऊ, कारण त्यांचं उदाहरण सगळे देतात आणि क्रम मात्र विसरतात. बीआयटी सिंदरी, मग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एमएस, १९७२ मध्ये पीएचडी. होल्टेक काढली ती १९८६ मध्ये, म्हणजे पीएचडीनंतर चौदा वर्षांनी. आणि अणुभट्टी विकायला नव्हे. त्यांचा धंदा उभा राहिला तो वापरलेल्या अणुइंधनावर. १९९८ पासून हे इंधन आपण उचलू, असं अमेरिकन सरकारने कायद्याने कबूल केलं होतं. आजवर उचललेलं नाही. ते ठेवायचे प्रकल्पांचे पाण्याचे हौद भरत गेले. मग त्याच हौदात जास्त इंधन मावेल असे रॅक हवेत, आणि तेही भरले की कोरडे कास्क हवेत. वेल्डिंगने बंद केलेला स्टीलचा डबा, आत हेलियम, बाहेर काँक्रीटचं कवच; पंप नाही, वीज नाही, हवा खालून शिरते आणि तापून वरून निघून जाते. तुमचा हीट एक्स्चेंजरचा अनुभव इथे आजच कामाला येईल. अणुभट्टीच्या कल्पनेला मात्र गिऱ्हाईक मिळायला दशक जाऊ शकतं. छोटी अणुभट्टी बनवणाऱ्या नूस्केल या अमेरिकन कंपनीने परवान्यासाठी २०१६ च्या अखेरीस अर्ज केला, डिझाइनला मंजुरी २०२३ मध्ये मिळाली आणि त्याच वर्षी आयडाहोमधला त्यांचा पहिला प्रकल्प खर्च वाढल्याने रद्द झाला.

आता जे कोणी सांगत नाही ते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ‘भाग ८१०’ नावाचा नियम आहे. ज्या देशांच्या नागरिकांना अणुतंत्रज्ञान सरसकट दाखवता येतं त्यांची एक यादी आहे आणि भारत त्या यादीत नाही. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा हातात असला तरी कंपनीला तुमच्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागते. माझं पहिलं ऑफर लेटर याच पायी परत गेलं. मुलाखतीचे तीन फेरे झाले, घरभाड्याची अनामतही भरली, आणि मग त्यांच्या वकिलाला माझा पासपोर्ट दिसला. सिंग यांच्या कंपनीलासुद्धा भारतातल्या स्वतःच्याच उपकंपनीला तंत्रज्ञान द्यायला मार्च २०२५ मध्ये ही परवानगी मिळाली, म्हणजे बघा.

विद्यापीठातलं खुलं, प्रसिद्ध होणारं संशोधन यातून सुटतं. ग्रीन कार्ड आलं की प्रश्नच मिटतो, फक्त भारतीयांची ती रांग किती लांब आहे हे तुम्हाला ठाऊकच असेल. तिसरी वाट चालू अणुवीज प्रकल्पात नोकरी. तिथे पार्श्वभूमीची तपासणी आणि गोपनीयतेचा करार झाला की बहुतेक कामांना वेगळी परवानगी लागत नाही. स्टार्टअपमध्ये मात्र ८१०ची परवानगी हीच डोकेदुखी होते: भागीदार अमेरिकन असेल तर तुमच्याच कंपनीतलं डिझाइन तो तुम्हाला कायद्याने दाखवू शकणार नाही!

पेटंटबद्दल विचारलंत. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ४ ने अणुऊर्जेच्या शोधांना २०२५ मध्ये कायदा बदलेपर्यंत दार बंद ठेवलं होतं. अमेरिकेत अण्वस्त्रांचे शोध सोडले तर पेटंट मिळतं. पण भारतात राहत असताना परदेशात परस्पर अर्ज करू नका, कलम ३९ खाली आधी परवानगी लागते.

पैसे उभे करताना आकडे फुगवू नका. ट्रान्सअॅटॉमिक नावाच्या कंपनीने इंधनातून ७५ पट ऊर्जा काढण्याचा दावा केला होता, फेरतपासणीत तो दुपटीच्या थोडा वर उतरला. २०१८ मध्ये कंपनी बंद झाली. मुलं हुशार होती, गणित चुकलं.

आणि एक. ऑफर आली की सही करण्याआधी एचआरला विचारा, भारतीय नागरिकासाठी ८१०ची परवानगी कोण काढणार आणि ती येईपर्यंत मी कोणतं काम करायचं. उत्तर लेखी घ्या.