आधी थांबायला शिका, मग लांब जा

गुडघ्यांवरच्या लेखात सायकलचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा ओघ तिकडेच वळला. बहुतेकांची गोष्ट सारखीच आहे: शाळा-कॉलेजपर्यंत सायकल, मग नोकरी, संसार, स्कूटर, आणि आता निवृत्तीच्या आगेमागे पुन्हा सायकलवर बसावंसं वाटतंय. फिजिओथेरपिस्ट म्हणून मला हा विषय फार जवळचा आहे. निवडक पत्रं घेते.

प्रश्न: ताई, माझं वय 62. कॉलेज सुटल्यापासून सायकल चालवली नव्हती. मागच्या महिन्यात पुतण्याची सायकल घेतली. तोल लगेच सापडला, फार आनंद झाला. पण थांबताना गडबड झाली आणि मी सायकलसकट आडवा झालो. फारसं लागलं नाही, तरी घरचे म्हणतात आता पुरे. शिवाय दहा-पंधरा मिनिटांतच दोन्ही गुडघे पुढच्या बाजूने दुखायला लागले. रक्तदाबाची गोळी चालू आहे. या वयात पुन्हा सुरुवात करावी का?

जरूर करा. तुम्ही दोन तक्रारी वेगवेगळ्या लिहिल्या आहेत, पडण्याची आणि गुडघ्यांची. मला त्या एकमेकींत गुंतलेल्या दिसतात, आणि गाठ आहे सीटच्या उंचीपाशी. ती उकलते, पण त्याआधी पडण्याबद्दल.

तोल लगेच सापडला याचं मला नवल वाटत नाही. अंगवळणी पडलेली अशी कौशल्यं लहान मेंदू आणि मेंदूच्या आतल्या भागांतली केंद्रं सांभाळतात, आणि ती वर्षानुवर्षं टिकतात. पण तोलाबरोबर शरीराने आणखी एक गोष्ट जपून ठेवलेली असते: त्या वयातली चढण्या-उतरण्याची पद्धत. डावा पाय पायडलवर, उजव्या पायाने जमिनीला दोन-चार रेटे, सायकल पळायला लागली की मागून टांग. उतरताना सायकल थांबायच्या आधीच उजवा पाय मागून काढायचा, डाव्या पायडलवर उभं राहायचं आणि चालत्या सायकलवरून उतरायचं. विशीत हे सहज जमतं. साठीत खुब्याचा सांधा तेवढा मोकळा राहिलेला नसतो, मांडीमागचे स्नायू आखडलेले असतात, पाय सीटला किंवा कॅरिअरला अडकतो, आणि नेमकं त्याच क्षणी सगळं वजन एका पायावर, तेही हलत्या सायकलवर असतं. सायकलवरून पडून माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांना मी विचारते, पडलात तेव्हा काय करत होतात? भरवेगात पडलेला विरळा. चढत होतो, उतरत होतो, थांबत होतो, हीच उत्तरं येतात.

म्हणून जुनी पद्धत सोडून द्या आणि ही नवी शिका. सायकल उभी, दोन्ही ब्रेक दाबलेले. ती आपल्याकडे बरीच कलती करा, म्हणजे टांग फार उंच न्यावी लागत नाही. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून जमिनीवर उभे राहा. सीटवर अजून बसायचं नाही. ज्या पायाने सुरुवात करणार त्या बाजूचं पायडल वर आणि थोडं पुढे आणा. उजव्या बाजूने पाहिलं तर घड्याळात दोन वाजता तासकाटा असतो तिथे. ब्रेक सोडून त्यावर भार दिलात की सायकल पुढे सरकते आणि शरीर आपोआप वर उचललं जातं. तेव्हा सीटवर बसा. थांबताना उलट क्रम: वेग कमी करा, एक पायडल तळाशी न्या, त्यावर उभं राहून सीटवरून पुढे या, आणि सायकल थांबता थांबता दुसरा पाय जमिनीवर टेकवा.

आता सीट. पुन्हा सुरुवात करणारे बहुतेक जण सीट खाली करून घेतात, कारण बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले की धीर वाटतो. पण त्या उंचीवर पायडल मारताना गुडघा कधी पुरता उलगडतच नाही. वाकलेल्या गुडघ्याने जोर लावला की वाटीमागे दाब वाढतो, आणि पुढच्या बाजूला दुखतं, अगदी तुमच्यासारखं. योग्य उंची अशी ठरवा: भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा पायडलवर ठेवलात की गुडघ्यात साधारण 25 ते 35 अंशांचा बाक राहतो. चालवताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल किंवा गुडघ्याच्या मागच्या बाजूला ओढ बसत असेल, तर सीट जास्त वर गेली आहे. बदल एका वेळी चार-पाच मिलिमीटरचाच करा. सीटच्या दांड्यावर एक खूण असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसेपर्यंत दांडा कधीही वर ओढू नका.

इतक्या उंच सीटवर बसून तळवे जमिनीला टेकणार नाहीत. म्हणजे गुडघे वाचवायचे तर सीट वर हवी, आणि सीट वर हवी तर थांबताना सीटवरून पुढे उतरता आलं पाहिजे. हे उतरणं पक्कं झालं की सीट वर करायची भीती आपोआप जाते. म्हणून मी सगळ्यांना अंतराआधी थांबायचा सराव देते. रिकाम्या मैदानात सुरू करा, वीस पावलं जा, थांबा, पुन्हा सुरू करा. पहिले काही दिवस एवढंच. कंटाळवाणं वाटेल, तरी करा.

त्यात एक सराव आणखी घाला, मागे वळून बघण्याचा. वयाबरोबर मान कमी वळते, मग माणूस खांदा वळवतो, आणि खांद्याबरोबर हँडलही वळतं. मैदानातल्या सरळ रेषेवर चालवत हळूच खांद्यावरून मागे बघा आणि सायकल रेषा सोडते का ते सोबतच्या माणसाला विचारा. ज्या बाजूला बघायचं त्या बाजूचं कोपर सैल सोडलं की फरक पडतो. घरीही रोज मान दोन्ही बाजूंना वळवायचा व्यायाम करा. हे जमेपर्यंत रहदारीत जाऊ नका, एवढा हट्ट मी धरणार.

गोळीबद्दल. सुरुवात करण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना सांगाच, आणि गोळी कोणत्या प्रकारची आहे तेही विचारून घ्या. बीटा-ब्लॉकर असेल तर हृदयाचे ठोके वाढतच नाहीत तितके, त्यामुळे ठोक्यांची कमाल मर्यादा काढायचं 220 वजा वय हे प्रचलित गणित किंवा घड्याळात दिसणारा ठोक्यांचा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. बोलून बघा: चालवताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. तो वेग बरोबर. छातीत दुखणं, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा. रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांनी डोक्याला मार लागल्यावर बरं वाटत असलं तरी तपासून घ्यायचं, घरी थांबायचं नाही.

सुरुवातीला एक दिवसाआड पंधरा-वीस मिनिटं पुरेत. दम काही आठवड्यांत सुधारतो, पण स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे त्यापेक्षा सावकाश बळकट होतात. दम टिकतोय म्हणून अंतर दुप्पट करणाऱ्यांचे गुडघे मी नेहमी बघते. गिअर हलका ठेवा, पाय थोडे जलद फिरू द्या, मिनिटाला सत्तरएक फेरे. चढावर उतरून चालत गेलात तर त्यात कमीपणा काही नाही.

घरच्यांशी वाद घालू नका. हेल्मेट घाला, त्यांना मैदानावर न्या आणि ओळीने पाच-सहा वेळा न डगमगता थांबून दाखवा.

प्रश्न: माळ्यावर माझी जुनी सायकल आहे, सळीच्या ब्रेकची. हवा भरली तर टिकली. तीच वापरली तर चालेल ना?

हवा टिकली म्हणजे ट्यूब शाबूत आहे, एवढंच कळतं. टायरच्या कडेला अंगठ्याने दाबून रबराला भेगा दिसतात का बघा. दिसल्या तर टायर बदला, कारण असा टायर चालवताना फाटतो. ब्रेकचे रबर वर्षानुवर्षं पडून दगडासारखे होतात, तेही नवे घाला. सळीचे ब्रेक स्टीलच्या रिमवर दाबतात आणि ओल्या स्टीलवर रबर फारच कमी पकडतं. तेव्हा पाऊस असेल त्या दिवशी ही सायकल घरीच ठेवा. चांगल्या मिस्त्रीकडून चाकं, चेन, हँडल तपासून घ्या. एवढं करून चालवा की, आवडती सायकल असली म्हणजे माणूस बाहेर पडतो.

मात्र टांग टाकताना त्रास होत असेल तर आठवणींसाठी अडून राहू नका. मध्ये दांडी नसलेली, पाय सरळ आत नेता येईल अशी सायकल घ्या. 'लेडीज सायकल' म्हणून पुरुष ती टाळतात आणि त्या एका शब्दापायी खुबा मोडून घेतात, हे मला मनापासून खटकतं.

प्रश्न: मी 57 वर्षांची. अर्ध्या तासाने करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, आणि सीटही टोचते. मऊ स्पंजचं कव्हर घातलं, उपयोग झाला नाही.

करंगळी आणि अनामिका बधिर होणं म्हणजे तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाणारी नस हँडलवर दाबली जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट असतं तर नस वेगळी असती. तुमच्या बाबतीत शरीराचा भार हातांवर येतोय. सीटचं टोक खाली झुकलेलं आहे का ते आधी बघा. टोचतंय म्हणून बऱ्याच जणी टोक खाली करतात, मग शरीर पुढे घसरतं आणि हात ते अडवत बसतात. सीट आडवी समतल करा, हँडल थोडं वर घ्या, कोपरं किंचित वाकलेली ठेवा, मनगट सरळ, आणि दर काही मिनिटांनी पकड बदला.

मऊ कव्हरबद्दल: बसताना भार नितंबांतल्या दोन हाडांवर यायला हवा. फार मऊ स्पंजमध्ये ती हाडं बुडतात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो. बायकांची ही हाडं साधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त अंतरावर असतात, म्हणून मागून रुंद पण टणक सीट तुम्हाला मानवेल. पहिले दोन आठवडे थोडं दुखणारच, ते सोसा. बधिरपणा मात्र सोसायचा नाही. सायकल सोडल्यावरही तो तासन् तास राहत असेल किंवा पकड ढिली वाटत असेल तर दाखवून घ्या.

प्रश्न: वय 71. पुन्हा सायकल सुरू करून आता काही फायदा होतो का, की फक्त हौस?

रोबेर मार्शां या फ्रेंच गृहस्थांनी तरुणपणी सायकल सोडली होती आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा धरली. 2012 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, ते तासाभरात 24.25 किलोमीटर गेले. 2014 मध्ये त्यांनी 26.927 किलोमीटर कापले. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता 101 ते 103 या वयात त्यांच्यात वाढली, असं संशोधकांनी मोजून नोंदवलं आहे. त्यांचा बराचसा सराव हलक्या वेगाचा होता, हे माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. एका माणसावरून सगळ्यांचं अनुमान काढता येत नाही, पण सत्तरीनंतर शरीर शिकायचं थांबतं, ही समजूत सोडायला ते पुरेसं आहे.

एक मात्र सांगते. सायकलवर वजन सीट पेलते, त्यामुळे सांध्यांना आराम आणि हाडांना काम कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींत 65 च्या पुढच्यांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम तर आहेच, शिवाय तीन किंवा अधिक दिवस तोल आणि ताकदीचे व्यायामही आहेत. सायकलने पहिला भाग होतो. दुसऱ्यासाठी चालणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीजवळ एका पायावर उभं राहणं, हे वेगळं करा. एका पायावर स्थिर उभं राहता आलं की सायकलवर चढणंही सोपं जातं.

प्रश्न: मुलगा म्हणतो बॅटरीची सायकल घ्या. घेऊ का?

चढ, समोरचा वारा किंवा कमी दम यामुळे बाहेर पडणंच टळत असेल तर घ्या. पायडल मारल्यावरच मदत देणारी असेल तर व्यायाम होतो. पण या सायकलीचं वजन बहुधा 20 ते 25 किलोच्या घरात असतं. ती कलंडायला लागली की सावरत नाही. दुकानात आधी ती ढकलत वळवून बघा, स्टँडवर लावून-काढून बघा, पायरीवरून उचलून बघा. हे जड गेलं तर हलकी सायकल शोधा. आणि सुरू करताना, पायडलवर पाय टेकवण्यापूर्वी, मदत सगळ्यात खालच्या पातळीवर ठेवा किंवा बंद करा. काही सायकली पाय ठेवताच झेप घेतात, आणि तेव्हा तुम्ही अजून सीटवर बसलेलेही नसता.