रुगर १०/२२ अडकते, तेव्हा आधी काय पाहावं

बंदूक नवी असताना एखादी गोळी अडकली म्हणून लगेच बोल्ट (काडतुसामागे पुढे-मागे सरकणारा ठोकळा) किंवा स्प्रिंग बदलायला धावू नका. अमेरिकेत १९६४ पासून बनणाऱ्या या पॉइंट टू-टू (.२२ इंच व्यासाच्या गोळीच्या) रायफलमध्ये दोष बहुतेक वेळा दारूगोळ्याचा किंवा मॅगझिनचा निघतो.

हिचा बोल्ट कुलूपबंद होत नाही. काडतुसाच्या धक्क्यानेच मागे जातो. धक्का कमी पडला की बोल्ट अर्ध्यावरून परततो आणि रिकामं टरफल बाहेर पडायच्या खिडकीत उभं अडकतं. म्हणून सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा कमी वेगाची काडतुसं बाजूला ठेवा. ४० ग्रेन (साधारण २.६ ग्रॅम) वजनाच्या गोळीची हाय-व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाची काडतुसं, दोन-तीन ब्रँडची प्रत्येकी एकेक पेटी वापरून बघा. प्रत्येक रायफलची आवड वेगळी असते, हे खरंच आहे.

गोळी तिरकी चढत असेल तर मॅगझिनांवर नंबर टाका. त्रास एकाच नंबरला होत असेल तर रायफल निर्दोष. १० गोळ्यांच्या या गोल मॅगझिनचा स्क्रू सैल केला की आतल्या स्प्रिंगचा ताण सुटतो, तेव्हा शिकल्याशिवाय उघडू नका.

टरफल चेंबरमध्येच (नळीत काडतूस बसतं त्या जागी) राहिलं तर ते ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली साचलेलं मेण आणि काजळी टूथब्रशने काढा. तेल थेंबभरच, जास्त तेलात काजळीचा चिखल होतो. नळी तोंडाकडून साफ करावी लागते, त्यामुळे रॉड तोंडाच्या कडेला घासू देऊ नका, नेम बिघडतो.

चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा.