पियाजे आणि वायगॉट्स्की यांच्यात नेमका फरक काय? वर्गात कोणाचं ऐकावं?

दोघेही मुलं कशी शिकतात याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ. टीईटीसाठी (शिक्षक पात्रता परीक्षेसाठी) विचारताय, म्हणजे पियाजेच्या विकासाच्या चार अवस्था, त्यांची वयं आणि वायगॉट्स्कीचं 'निकट विकास क्षेत्र' (मुलाला एकट्याने न जमणारं, पण मदतीने जमणारं) तुम्हाला पाठ असणारच. ते परत लिहीत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि या दोघांमधला खरा फरक मला मुलांच्या पुटपुटण्यात दिसतो. त्यावरून मला लेखी शेरा मिळालाय, म्हणून सविस्तर लिहिते.

दुसरीत एक मुलगा होता. वजाबाकी करताना सतत बोलायचा. समोर दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या. 42 वजा 17. "दोनातून सात जात नाही... गठ्ठा सोडू... आता झाले बारा... बारातून सात गेले, पाच." शेजारच्याकडे बघतही नव्हता. वर्गभेटीला आलेल्या साहेबांनी त्याला तोंडावर बोट ठेवायला लावलं आणि तेच गणित परत घातलं. पोरगं गप्प झालं, आणि सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन, असं करून 35 लिहून मोकळं झालं. साहेब म्हणाले, "बाई, या वयात मूल आत्मकेंद्रित असतं, पियाजेने सांगितलंय. वय वाढलं की बडबड जाते, लाड करू नका." शेरेबहीत लिहिलं, 'वर्गात शिस्तीचा अभाव.'

पियाजेने 1923 च्या पुस्तकात मुलांचं स्वतःशी बोलणं नोंदवलंय, हे खरं. मुलाला दुसऱ्याच्या जागेवरून बघता येत नाही म्हणून ते असं बोलतं आणि पुढे ते विरून जातं, हे त्याचं म्हणणं. पण यातून मुलांना गप्प बसवायचं कुठून निघतं? मुलाने स्वतः हाताळून, चुकतमाकत शिकावं यावर तर त्याचा सगळा भर.

वायगॉट्स्कीने हे उलटं मांडलं. बोलणं आधी माणसामाणसांत असतं, मग मूल ते स्वतःला वाट दाखवायला वापरतं आणि पुढे तेच आत जाऊन विचार बनतं. त्याने मुलांच्या कामात मुद्दाम अडचणी आणल्या, हवी ती पेन्सिल नाही, कागद नाही. तेव्हा पुटपुटणं जवळजवळ दुप्पट झालं. साडेपाच वर्षांचा एक मुलगा ट्राम काढत होता, चाकाशी पेन्सिलीचं टोक मोडलं. "मोडली," असं स्वतःशीच म्हणाला, जलरंग घेतले आणि अपघातात मोडलेली ट्राम काढली. एका शब्दाने पुढचं सगळं चित्र ठरवलं! वायगॉट्स्की 1934 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी क्षयाने गेला. त्याच्या टीकेला पियाजेने लेखी उत्तर दिलं ते 1962 मध्ये, आणि स्वतःशी बोलण्यातूनच आतलं बोलणं घडतं हा मुद्दा मान्य केला. साहेबांनी निदान हे तरी वाचायला हवं होतं.

आमच्या पोराचा आवाज दिवाळीनंतर कमी झाला, मग नुसते ओठ हलायचे, वर्षाअखेर तेही थांबलं. साहेब म्हणतील, बघा, वयाने गेलं. मग चौथीत लांबलचक भागाकार आल्यावर तेच पोर परत का पुटपुटायला लागलं? वय तर वाढलेलंच होतं.

परीक्षेत 'आत्मकेंद्रित भाषण' दिसलं तर पियाजे, 'खाजगी भाषण' दिसलं तर वायगॉट्स्की. आणि मुलाला 'आधार देण्याची' (स्कॅफोल्डिंग, म्हणजे जमेपर्यंत मोठ्यांनी मदत करण्याची) जी कल्पना गाईडं सर्रास वायगॉट्स्कीच्या नावावर घालतात, ती त्या शब्दांत 1976 मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी मांडली. पर्यायांत ब्रूनर दिसला तर गोंधळू नका.

पियाजे टाकाऊ आहे असं मात्र समजू नका. त्याचाच प्रयोग करून बघा: चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी मांडा, एक लांबवा आणि पहिलीच्या मुलांना विचारा. "लांब ओळीत जास्त" म्हणणारी बरीच भेटतील, आणि समजावून लगेच फरक पडत नाही. तसंच सगळीच मुलं पुटपुटतात असंही नाही. फार मोठ्याने बोलणाऱ्याला कडेला बसवावं, बाकीच्यांनाही काम करायचं असतं.

पण गप्प करू नका. तुमच्या वर्गाला असा शेरा आला तर लेखी खुलासा द्या आणि बोलून सोडवलेलं व गप्प बसून सोडवलेलं, अशी मुलाची दोन्ही गणितं सोबत जोडा. मी जोडली होती.